दवाखान्याची चिठ्ठी आणि आपली मराठी

(वांद्रे पूर्व येथे तरुणांसमोर केलेले भाषण)



आज मी लहान मुलांच्या शौचाच्या तक्रारींविषयी बोलणार आहे. हसू नका. या विषयाला आपण लाजतो, म्हणूनच मुले तज्ज्ञांपर्यंत उशिरा पोहोचतात. मुलगी असेल तर लपवाछपवी आणखीच.

बेहरामपाड्यात आरोग्याचे काम करताना मला सहा वर्षांचा एक मुलगा भेटला. त्याला चड्डीत सारखी शी व्हायची. शाळेतून तक्रारी येत, घरी मार बसे. जुलाब समजून औषधे चालली होती. खरे तर सार्वजनिक संडासाची रांग आणि अंधार यांना भिऊन तो शी दाबून ठेवायचा. आत खडा साचला की पातळ मळ बाजूने झिरपतो. मुलाला कळतही नाही.

अशी बद्धकोष्ठता बहुधा जवळच्या दवाखान्यात बरी होते. मात्र औषध काही महिने, न चुकता द्यावे लागते. तज्ज्ञांकडे जायलाच हवे ते वेगळ्या लक्षणांसाठी: शीतून रक्त, वजन घटणे, दोन आठवड्यांहून जास्त जुलाब. हिरवी उलटी झाली, पोट फुगले किंवा नवजात बाळाला ४८ तासांत पहिली शी झाली नाही, तर चिठ्ठीची वाट पाहू नका. तडक मोठे रुग्णालय गाठा.

एरवीची वाट अशी: पालिकेचा दवाखाना, मग वांद्र्याचे भाभा रुग्णालय. तिथून गरजेप्रमाणे शीव रुग्णालय किंवा १९२९ पासून मुलांवर उपचार करणारे परळचे वाडिया रुग्णालय. त्यासाठी उतरायचे ते प्रभादेवी, वांद्र्याहून धिम्या लोकलने चौथे स्टेशन. तरीही चिठ्ठी घरात पडून राहते. अब्बांचा रोज बुडतो. अम्मीला मराठी वाचता येत नाही. तिला वाटते, डॉक्टरने हाकलून दिले.

इथे आपले काम सुरू होते. चिठ्ठी वाचून तिचा अर्थ सांगा. जुने केसपेपर, रिपोर्ट आणि औषधांच्या पट्ट्या एका पिशवीत भरा. शी कधी, कशी झाली याची पंधरा दिवसांची नोंद ठेवायला लावा. शस्त्रक्रियेची वेळ आलीच, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड, आधारकार्ड सोबत असू द्या. आणि पहिल्या खेपेला स्वतः बरोबर जा.

मराठी आपली भाषा आहे, असे आपण सभांमधून सांगतो. ती शेजारच्या खालाच्या कामी ओपीडीच्या रांगेतही आली पाहिजे.