लाटेपुढील वनराई

मुळशीत उभे राहून समुद्राच्या लाटांविषयी बोलणे प्रथमदर्शनी अप्रस्तुत वाटेल. परंतु मुळा नदीवर अडविलेले येथील पाणी सह्याद्री उतरून भिरा येथील वीजगृहात जाते, कुंडलिकेला मिळते आणि रोह्यावरून रेवदंड्याच्या खाडीत पोहोचते. घाटमाथा व किनारा असे एकाच पाण्याने जोडलेले आहेत. या खाडीच्या काठी कांदळवन आहे.

त्सुनामी या किनाऱ्याला सर्वस्वी अपरिचित नाही. २८ नोव्हेंबर १९४५ रोजी मकरान किनाऱ्यालगत झालेल्या भूकंपाच्या लाटा मुंबईपर्यंत आल्या होत्या. अशा लाटेत केवळ पाणी नसते. होड्या, ओंडके, घरांचे वासे व पत्रे उचलून ती वस्तीत शिरते. माणसे पाण्यात बुडून दगावतात, तशीच या राडारोड्याच्या आघातानेही दगावतात.

येथेच कांदळवनाचा उपयोग होतो. ते भिंतीप्रमाणे नव्हे, तर चाळणीप्रमाणे काम करते. कांदळाची आधारमुळे आणि तिवर-चिप्पीची दाट खोडे यांतून वाट काढताना पाण्याचा वेग मंदावतो. तरंगत आलेल्या जड वस्तू झाडांत अडकतात. लाट ओसरताना वाहून जाणाऱ्या माणसालाही फांदीचा आधार मिळू शकतो.

मात्र या सामर्थ्याला मर्यादा आहेत. जपानमधील रिकुझेनताकाता येथे किनाऱ्यावर सुमारे ७०,००० पाइन वृक्ष होते. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीनंतर त्यांतील एकच उभा राहिला. उन्मळलेली झाडे स्वतःच राडारोडा बनतात. म्हणून वनाची पट्टी रुंद, दाट व सलग हवी. आणि इशारा मिळताच उंचावर जाण्यास पर्याय नाही. असा इशारा देणारे केंद्र २००७ पासून हैदराबाद येथे कार्यरत आहे.

डोंगरावरही हाच धडा लागू पडतो. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गावावर चिखल-दगडांचा लोंढा कोसळला आणि दीडशेहून अधिक जीव गेले. झाडांची मुळे उतारावरील माती धरून ठेवतात. परंतु डोंगरच खचू लागला तर मुळांचे बळ अपुरे पडते. तेव्हा गाव वेळीच हलविणे हाच उपाय.

महाराष्ट्र शासनाने २०१२ मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला. परंतु खाडीत भराव पडतो की नाही, उतारावर कुऱ्हाड चालते की नाही, हे प्रथम गावाला दिसते. ग्रामपंचायतीने त्यावर लक्ष ठेवावे, शिक्षकांनी मुलांना सुरक्षित उंचवट्याची वाट दाखवून ठेवावी आणि अधिकाऱ्यांनी इशारा शेवटच्या वाडीपर्यंत पोहोचवावा. वन लाटेचा जोर कमी करील. त्यातून मिळालेल्या अवधीचा उपयोग मात्र माणसांनीच करावयाचा आहे.