वही लिहिणारीला आधी कळतं



धानात रानडुक्कर शिरू नये म्हणून रात्री जागलीला जातात, हे आपल्याला सांगायला नको. आपल्याच संस्थेत चाललेली पैशाची लूट पाहून जो आवाज देतो, त्यालाही मराठीत जागल्याच म्हणतात. आज आम्ही सांगणार आहोत ते अशाच काही बायांबद्दल.

मुंबईत पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक होती. लोक तिला पीएमसी म्हणत. सात राज्यांत तिच्या 137 शाखा होत्या. पेन्शनर, छोटे दुकानदार, नोकरदार यांनी आपली पुंजी तिथे ठेवली होती. या बँकेने वाटलेल्या कर्जातल्या दर रुपयामागे जवळपास 73 पैसे एचडीआयएल या एकाच बांधकाम कंपनीच्या गटाकडे गेले होते. रक्कम साडेसहा हजार कोटींच्या आसपास. ते हप्ते थकले. ते दिसू नये म्हणून 44 मोठी कर्जखाती लपवली आणि त्यांच्या जागी 21,049 खोटी, लहान रकमांची खाती कागदावर दाखवली. रक्कम लहान असली की तपासणाऱ्याची नजर पुढे सरकते.

वर्षानुवर्षं ऑडिट झालं, अहवाल गेले, सगळं ठीक दिसलं. शेवटी 2019 च्या सप्टेंबरात बँकेच्या कर्ज विभागातल्या काही महिला कर्मचाऱ्यांनी रिझर्व्ह बँकेला खरी गोष्ट कळवली, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं. त्यांची नावं गाजली नाहीत. त्या रोज ते कागद हाताळत होत्या, म्हणून त्यांना दिसलं.

त्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. सुरुवातीला खातेदाराला फक्त 1,000 रुपये काढता येत होते. ती मर्यादा नंतर हळूहळू वाढली. लोक शाखांपुढे रडले. जानेवारी 2022 मध्ये ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पाच लाखांपर्यंतची ठेव विम्यातून मिळायची सोय झाली, मोठ्या ठेवींना मात्र वर्षानुवर्षं थांबायचं आलं.

मग मनात येतं, या बायांनी तोंड उघडलं म्हणून बँक बुडाली का? नाही. पैसा आधीच गेला होता. त्या गप्प राहिल्या असत्या तर आणखी हजारो घरांनी तिथेच ठेवी ठेवल्या असत्या. उशिरा कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. तुमसर असो, पवनी असो की लाखांदूर, गटाची वही आपणच लिहितो. कितीतरी घरच्या मुली फायनान्स कंपन्यांत वसुलीला जातात, पतसंस्थेत काउंटरवर बसतात. एकीच्या नावावर कर्ज आणि पैसा दुसरीकडे, भरलेला हप्ता पासबुकात नाही, कोऱ्या कागदावर सही, असं काही दिसलं तर ते पहिल्यांदा वही लिहिणारीलाच दिसतं. आणि मग ऐकू येतं, ‘साहेबांनी सांगितलं, तू फक्त लिही.’

अशा वेळी काय करायचं? जे दिसलं ते तारीख, रक्कम, खाते क्रमांकासह त्याच दिवशी लिहून ठेवा. ऐकलेलं आणि पाहिलेलं वेगवेगळं लिहा. मूळ कागद घरी नेऊ नका आणि लोकांची माहिती व्हॉट्सअॅपवर फिरवू नका, नाहीतर चोर राहील बाजूला आणि तुमच्यावरच ठपका येईल. एकटीने जाऊ नका. पीएमसीतही एकटी बाई गेली नव्हती.

तक्रार लेखी द्या, पोच घ्या. गटाची गोष्ट ग्रामसंघात किंवा लोकसंचालित साधन केंद्रात मांडा, ठराव वहीत नोंदवा. पतसंस्थेची तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात द्यायची. बँकेने किंवा फायनान्स कंपनीने ग्राहकाची तक्रार ऐकली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याची माहिती 14448 या क्रमांकावर मिळते. दामदुपटीच्या नावाखाली कोणी ठेवी गोळा करत असेल तर पोलिसांकडे जा. ठेवीदारांसाठी महाराष्ट्रात 1999 चा आणि देशात 2019 चा कायदा आहे. एक ध्यानात ठेवा, ठेवीचा पाच लाखांचा विमा बँकेला असतो, पतसंस्थेला नसतो.

कंपनीत काम करणाऱ्या मुलींसाठी आणखी एक गोष्ट. 2013 च्या कंपनी कायद्याप्रमाणे शेअर बाजारात नोंदलेल्या, लोकांच्या ठेवी घेणाऱ्या किंवा बँकांकडून 50 कोटींहून जास्त कर्ज घेतलेल्या कंपनीला आतली गडबड कळवण्याची व्यवस्था ठेवावीच लागते. तुमच्या कंपनीत ती कोणाकडे आहे, हे आजच विचारून ठेवा. पण 2014 चा जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा सरकारी कामातल्या भ्रष्टाचारापुरता आहे. खाजगी नोकरीतल्या मुलीला त्याचा आधार नाही. तिची नोकरी जाऊ शकते, आणि अशा वेळी घरच्यांनी ‘तुला काय करायचं होतं’ म्हटलं तर ती पुरती एकटी पडते. तिच्या पाठीशी उभं राहणं हे आपल्या गटाचं काम आहे.

पुढच्या बैठकीत एवढं करा. गटाची वही मोठ्याने वाचा, आणि प्रत्येकीने आपलं पासबुक तिच्याशी ताडून पाहा. फरक निघाला तर त्याच बैठकीत विचारा.