जमिनीचे नाव बदलले की मालक बदलतो



आज आम्ही टांझानियातील मसाई गुराख्यांविषयी चार शब्द बोलणार आहोत. बडोद्याला हा विषय अगदीच परका नाही. आपल्या कित्येक गुजराती शेजाऱ्यांचे सोयरे दारेसलाम-अरुशाकडे आहेत, आणि आपली मंडळीही सेरेंगेटीच्या सहलीला जाऊ लागली आहेत.

मसाई गाईगुरांवर जगतात. पावसाचे गवत एकीकडे, कोरड्या दिवसांतले दुसरीकडे, असे त्यांचे फिरणे असते. सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानासाठी १९५९ साली ब्रिटिश अमदानीत त्यांना तेथून उठवले. शेजारच्या न्गोरोंगोरोत राहण्याचा हक्क मात्र कबूल केला. काही कुटुंबे उत्तरेला लोलिओंडोत स्थिरावली.

याच लोलिओंडोत १९९२ साली सरकारने अमिरातीच्या ऑटर्लो बिझनेस कॉर्पोरेशन या कंपनीला शिकारीचा परवाना दिला. दुबईच्या राजघराण्यातील पाहुणे तेथे शिकारीला येऊ लागले. २००९ आणि २०१७ साली मसाईंची घरे जाळून त्यांना हुसकावण्यात आले.

आम्ही बँकेतली माणसे, आधी कागद पाहतो. मसाईंकडे कागद नव्हता असे नाही. १९९९ च्या ग्रामजमीन कायद्याने गावाच्या जमिनीचा कारभार गावाकडे दिला होता. पण त्याच जमिनीवर वसाहतकाळापासून 'शिकार-नियंत्रित क्षेत्र' असा दुसरा शिक्काही होता. दोन्ही शिक्के अनेक वर्षे शेजारी-शेजारी नांदले. २००९ च्या वन्यजीव कायद्याने मात्र अशा क्षेत्रात परवानगीशिवाय गुरे चारण्यास मनाई केली, आणि भांडण कायद्यातच शिरले.

जून २०२२ मध्ये लोलिओंडोच्या सुमारे ४,००० चौरस किलोमीटरपैकी १,५०० चौरस किलोमीटरवर पोलीस बंदोबस्तात खुणेचे खांब रोवले गेले. लोकांनी विरोध केला, गोळीबार झाला. अनेक मसाई जखमी झाले, एक पोलीसही मारला गेला. हजारो लोक सीमा ओलांडून केनियात गेले. त्याच वर्षी तो भाग 'पोलोलेटी' नावाचे राखीव शिकारक्षेत्र झाला. आता तेथे परवाना घेऊन बंदूक जाऊ शकते, गाय जाऊ शकत नाही!

सरकारची बाजूही ऐकली पाहिजे. वन्यप्राण्यांचा मार्ग आणि पाण्याचे उगम राखायचे आहेत, माणसे व गुरे वाढली आहेत, असे ते म्हणते. चिंता खोटी नाही. पण गुरांनी रान बिघडते आणि शिकारीने ते राखले जाते, हा हिशेब आम्हांला जुळत नाही.

चार गावे पूर्व आफ्रिकी न्यायालयात गेली. २०२२ साली दावा फेटाळला गेला. २०२३ मध्ये अपील विभागाने तो निकाल रद्द करून फेरसुनावणीचा आदेश दिला.

मसाई पर्यटनाचे वैरी नाहीत. ओलोलोसोकवान गावाने पर्यटन कंपनीशी करार करून जमिनीचे भाडे घेतले होते. म्हणून आमची एवढीच विनंती आहे. सहलीचे पैसे भरण्यापूर्वी कंपनीला विचारा, आमचा तंबू कोणाच्या जमिनीवर आहे, आणि त्या गावाला भाडे मिळते का? घर घेताना आपण जुने दस्त तपासतोच. परक्याच्या कुरणात उतरताना तेवढी चौकशी करायला काय हरकत आहे?