गाठ दुखत नाही, म्हणून थांबू नका



आज ज्या आजाराबद्दल बोलायचं आहे, त्याचं नाव घ्यायलाच आपल्याला अवघड वाटतं. 'बाळाला अंगावर पाजलं' असं आपण चारचौघींत सहज म्हणतो. पण स्तनात गाठ लागली, तर सख्ख्या बहिणीलाही सांगत नाही. भारतातल्या बायकांमध्ये आज सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर स्तनाचाच आहे. तो लवकर सापडला, तर बहुतेक जणी बऱ्या होतात. म्हणून आज संकोच बाजूला ठेवू.

आपली सवय अशी, की दुखलं तरच दवाखाना. ही गाठ मात्र सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही. मग 'कापूस वेचून होऊ दे, पोरीचं लग्न उरकू दे' असं करता करता सहा-आठ महिने जातात. तेवढ्यात सुपारीएवढी गाठ लिंबाएवढी होते, काखेत उतरते. मग औषधं वाढतात, खर्च वाढतो आणि बरं होण्याची शक्यता कमी होते.

काय बघायचं ते ऐका. स्तनात किंवा काखेत गाठ. कातडीला खळी पडणं, किंवा संत्र्याच्या सालीसारखी कातडी दिसणं. बोंड आत ओढलं जाणं, त्यातून रक्त किंवा पाणी येणं. बरी न होणारी जखम. यातलं काहीही दिसलं तर दाखवायचं. आणि घाबरू नका, बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. पण ते हात लावून घरी ठरत नाही.

कुणाला होतो? वय वाढेल तसा धोका वाढतो. आईला, बहिणीला झाला असेल तर जास्त जपायचं. पण हा आजार झालेल्या बहुतेक बायांच्या घरात आधी तो कुणालाच नव्हता. बाळाला अंगावर पाजल्याने धोका थोडा कमी होतो, पण पाजलं म्हणजे होणारच नाही, असं नाही. ब्लाऊजमध्ये पैसे किंवा मोबाईल ठेवल्याने हा होतो याला पुरावा नाही. आणि हा शिवाशिवीचा रोग नाही. रुग्णाचं ताट वेगळं करू नका.

आता तपासणी. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने १९९८ पासून वीस वर्षं, मुंबईच्या वस्त्यांमधल्या दीड लाख बायकांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या जणींची प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासणी केली. पन्नाशीपुढच्या ज्या बायांची तपासणी झाली, त्यांच्यात या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. मोठं मशीन नव्हतं, शिकलेले हात होते. सरकारच्या कार्यक्रमातही तिशीपुढच्या बायकांची अशी तपासणी आहे. आपल्या उपकेंद्रात सिस्टरना किंवा आशाताईंना तपासणीचा दिवस विचारा. शंका आली तर पुढे मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी, आणि गरज पडली तर सुईने तुकडा काढून तपासतात. सुई लावल्याने कॅन्सर पसरतो ही भीती मनातून काढा. सुईशिवाय नक्की निदानच होत नाही.

निदान झालं, तर भोंदूकडे किंवा जडीबुटीवाल्याकडे दोन महिने घालवू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार आहेत. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन योजनेतल्या दवाखान्यात जा आणि तिथल्या आरोग्यमित्राला भेटा. रेल्वेत रुग्णाला आणि सोबत्याला सवलत मिळते, त्याचा फॉर्म दवाखान्यातच मिळतो.

उपचार कुणाला ऑपरेशन, कुणाला केमो, कुणाला लाईट, कुणाला पाच-दहा वर्षं गोळ्या. केमोत बहुतेक जणींचे केस जातात. उपचार संपले की परत येतात. मळमळ होते, तेव्हा थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा खायला द्या. वरणभात, पेज, अंडं, जे जाईल ते. तोंड आलं तर तिखट बंद, मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या. पण ताप १०० च्या वर गेला, थंडी वाजली, तर घरी गोळी देऊन वाट बघू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठा. केमोत अंगाची ताकद कमी झालेली असते, साधा जंतूही जिवावर बेततो. ऑपरेशननंतर त्या बाजूच्या हाताला सूज येऊ शकते. शिकवलेला व्यायाम रोज करायचा, काटे आणि चुलीचे चटके यांपासून हात जपायचा, सूज दिसली की लगेच सांगायचं.

आणि अर्धे उपचार सोडून देणाऱ्या बाया का सोडतात? औषध सोसत नाही एवढंच कारण नसतं. म्हैस कोण पिळणार, पोरांचा डबा कोण करणार, सोबत कोण येणार, हे प्रश्न असतात. ते दवाखाना सोडवत नाही. ते बचत गट सोडवू शकतो. पाळ्या लावा. एकीने धार काढायची, एकीने भाकरी टाकायच्या, एकीने तारखेला सोबत जायचं. गटातून कर्ज लागलं तर तिला अर्ज घेऊन हात पसरायला लावू नका, तुम्हीच तिच्या दारी जा. भेटायला गेलात तर 'अमकी यातच गेली' असल्या गोष्टी सांगू नका. तिचं ऐका. रडली तर रडू द्या.

तिच्या घरच्या पुरुषांनाही सांगा, की स्तन काढला म्हणून बाई अपुरी होत नाही.

पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की एक काम करा. तिशीपुढच्या सगळ्या जणींची यादी करा आणि तपासणीला सगळ्या मिळून जा. एकटीला लाज वाटते, दहा जणींना वाटत नाही.