इटास्काच्या तळ्याकाठी

(गटाच्या वार्षिक मेळाव्यात ‘बाईची विश्रांती’ या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)

विश्रांतीवर बोल, असं मला सांगितलं तेव्हा आधी हसूच आलं. मजुरी, पोटगी, रेशन, दारूबंदी यांवर आपण दिवसदिवस बोललो आहोत. विश्रांतीचं सत्र मात्र कायम शेवटचं, जेवणानंतरचं, आणि तेही वेळ उरला तर. तेव्हा तात्त्विक काही न मांडता जुलै २०२३ मध्ये मी चार दिवस कुठे होते, तेवढंच सांगते.

माझी भाची अमेरिकेत, मिनेसोटा राज्यातल्या मिनिआपोलिस शहरात राहते. त्या राज्यात इतकी थंडी पडते की हिवाळ्यात तळी गोठतात आणि त्यांच्यावरून लोक मोटारी नेतात. त्यामुळे जून ते ऑगस्ट एवढे आठवडे मिळतात, तेवढ्यात सगळे तंबू घेऊन बाहेर पडतात. भाचीच्या ओळखीच्या मराठी कुटुंबांचीही दरवर्षी अशी सहल जाते. त्या सहलींबद्दल तिची तक्रार अशी, की पुरुष तंबू ठोकतात, शेकोटी पेटवतात, मग खुर्च्या टाकून बसतात. आणि बायका तीस माणसांचे पोहे करतात, भांडी घासतात, पोरांचे ओले कपडे दोरीवर टाकतात. घरी निदान ओटा तरी असतो, इथे तेच काम वाकून करायचं. म्हणून त्या वर्षी फक्त बायकांनी जायचं ठरलं.

आम्ही सहाजणी होतो. भाची धरून तिघी नोकरी करणाऱ्या, एक नवऱ्याच्या व्हिसावर आलेली. अशा बायकांना पूर्वी तिथे नोकरीच करता येत नसे. २०१५ पासून त्यांच्यातल्या काहींना परवानगी मिळते, हिला अजून मिळालेली नव्हती. इथे एम.एस्सी. करून गेलेली मुलगी, तंबूच्या वर्गणीसाठी नवऱ्याकडे पैसे मागताना तिला काय वाटलं असेल ते तुम्हाला सांगायला नको. पाचवी मी. आणि सहाव्या, भाचीच्या मैत्रिणीच्या सासूबाई, संगमनेर तालुक्यातल्या, वय अडुसष्ट. सहा महिन्यांसाठी नातवंडं सांभाळायला आलेल्या. अशा कितीतरी आज्या दरवर्षी विमानाने तिकडे जातात. त्या श्रमाला पगार नाही, सुट्टी नाही, आणि बाहेर पाऊल टाकायचं तर गाडी चालवणारं कुणी तरी हवं.

आजींच्या येण्यावरून घरात बरंच झालं. मुलाचं म्हणणं, “आई, तुला जमिनीवर झोपायला जमेल का?” खरा प्रश्न वेगळाच होता. बायको आणि आई दोघी गेल्या तर पोरांचं कोण बघणार? शेवटी त्याने चार दिवस रजा टाकली. ती त्याने टाकली यात काही उपकार नव्हते, पण आठवडाभर घरात वातावरण उपकाराचंच होतं, असं सूनबाई म्हणाली.

आम्ही गेलो इटास्का स्टेट पार्कला, मिनिआपोलिसहून उत्तरेला मोटारीने सुमारे चार तास. मिनेसोटातलं हे सगळ्यांत जुनं राज्य उद्यान, १८९१ मध्ये स्थापन झालेलं. बत्तीस हजार एकरांहून मोठं, आत शंभरावर तळी. त्यातल्या इटास्का तळ्यातून मिसिसिपी नदी निघते. तिथल्या लाकडी खांबावर कोरलंय की इथून मेक्सिकोच्या आखातापर्यंत ती २५५२ मैल वाहते. आणि उगमाशी ती एवढीशी की दगडांवर पाय ठेवत लहान मूलही पलीकडे जातं. आजींनी लुगडं खोचलं आणि त्या दगडांवरून न जाता सरळ पाण्यातून गेल्या. म्हणाल्या, “आमच्या ओढ्याला पावसाळ्यात याच्यापेक्षा जास्त पाणी असतं.” (हे दगड निसर्गाने असे मांडलेले नाहीत. १९३०च्या दशकात सरकारी रोजगार योजनेतल्या तरुणांनी तिथली दलदल काढून प्रवाह नीट बांधून घेतला. पर्यटकांना उगम उगमासारखा दिसायला हवा ना!)

‘इटास्का’ हे नावही बनवलेलंच. १८३२ मध्ये स्कूलक्राफ्ट नावाचा गोरा संशोधक इथे आला, आणि ‘खरा’ व ‘शिर’ अशा अर्थाच्या दोन लॅटिन शब्दांचे तुकडे जोडून त्याने हे नाव पाडलं. त्याला इथवर आणलं ते ओझाविंडिब नावाच्या ओजिब्वे वाटाड्याने. ओजिब्वे लोकांना तळं अर्थातच माहीत होतं, त्यांच्या भाषेत त्याला मोठ्या सांबरासारख्या हरणाच्या नावाचं तळं म्हणत. शोध लावला कुणी, हा प्रश्न आपल्याला नवा नाही.

मला जास्त सांगायचंय ते मेरी गिब्ज या मुलीबद्दल. तिचे वडील या उद्यानाचे आयुक्त होते. १९०३ मध्ये ते वारले आणि गव्हर्नरने त्यांच्या जागी तिला नेमलं. वय चोवीस. अमेरिकेत उद्यानाची आयुक्त झालेली ती पहिली बाई समजली जाते. त्या वेळी लाकूड कंपन्या पाईनची जंगलं साफ करत होत्या. ओंडके वाहून नेण्यासाठी कंपनीने नदीवर बंधारा घातला होता, दारं बंद ठेवून पाणी तुंबवायचं आणि मग सोडायचं. तुंबलेल्या पाण्याने तळ्याचा काठ बुडत होता, झाडं मरत होती. मेरीने दारं उघडायला सांगितलं. कंपनीच्या माणसाने बंदूक घेऊन बजावलं की दांड्याला हात लावील त्याला गोळी घालू. तिने जाऊन दांड्यावर हात ठेवला. गोळी सुटली नाही. पण थोड्याच काळात तिच्या जागी दुसरा माणूस नेमला गेला, तो पुरुष होता आणि कंपनीशी जुळवून घेणारा होता. लाकूडतोड पुढे कितीतरी वर्षं चालू राहिली. उगमाजवळच्या माहिती केंद्राला आज तिचं नाव आहे. नोकरी काढून घ्यायची आणि शंभर वर्षांनी इमारतीला नाव द्यायचं, ही रीत सगळीकडे सारखीच दिसते.

आणि हे जुनं झालं असंही नाही. जून २०२१ मध्ये याच भागात ‘लाइन ३’ या तेलवाहिनीच्या विरोधात हजारो माणसं जमली. ही वाहिनी मिसिसिपी दोनदा ओलांडते, जंगली तांदूळ पिकतो त्या पाणथळींतून जाते. विनोना लाड्यूक, तारा हौस्का अशा ओजिब्वे बायका या लढ्यात पुढे होत्या, कारण त्यांच्यात पाण्याची जबाबदारी बायकांची मानतात. शेकडोंना अटक झाली. ऑक्टोबर २०२१ मध्ये वाहिनीतून तेल सुरू झालं. हा सगळा इतिहास आजींना समजावून सांगितल्यावर त्यांनी विचारलं, “धरणग्रस्तांना जमिनी मिळाल्या का?” त्यांच्या हिशेबाने पाण्याच्या लढ्याचं एकच नाव आहे.

आता राहण्याची व्यवस्था, कारण खरी गोष्ट तिथेच आहे. प्रत्येक तंबूला ठरलेली जागा, टेबल, चुलीसाठी लोखंडी कडं. जळण बाहेरून आणायचं नाही, झाडं पोखरणारी कीड त्यातून पसरते. तिथलंच विकत घ्यायचं. अन्न रात्री मोटारीत ठेवायचं, अस्वलं येतात. रात्री दहानंतर शांतता. आणि थोड्या अंतरावर बायकांचं वेगळं स्वच्छतागृह, आत कडी, दिवा, गरम पाण्याची अंघोळ. मैत्रिणींनो, सौंदर्याचं वर्णन कितीही करता येईल, पण रात्री दोन वाजता मी एकटी बॅटरी घेऊन तिथे गेले आणि परत आले, कुणालाही न उठवता. माझ्या आयुष्यात असं किती वेळा घडलंय ते मी मोजलं, तर बोटंसुद्धा उरली. आपल्याकडे २०११ मध्ये मुंबईत ‘राइट टू पी’ मोहीम सुरू झाली तेव्हा वर्तमानपत्रवाल्यांना नावाचीच गंमत वाटली होती. मुतारी नसेल तर बाई घराबाहेर किती तास राहू शकेल, याचा हिशेब त्यांना कधी करावा लागलेला नसतो.

तिथे सगळं छान आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही. शेजारच्या तंबूंत गोऱ्या बायकाच भांडी घासत होत्या, मी पाहिलं. डास तर आपल्या डासांचे थोरले भाऊ.

आमचा स्वयंपाक चिठ्ठ्या टाकून होता. दोन वेळा दोघींनी करायचं, बाकीच्यांनी उठायचंही नाही. पहिल्या संध्याकाळी हे फार अवघड गेलं. आजी तीनदा उठल्या, तीनदा त्यांना बसवलं. ओल्या जळणावर तिघी शिकलेल्या मुली अर्धा तास फुंकत होत्या, ते मात्र आजींना बघवेना. त्यांनी चार बारीक काटक्या रचल्या आणि चूल पेटवून परत येऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या काठावर सतरंजी टाकून झोपल्या त्या साडेपाचला उठल्या. उठल्यावर घाबरून म्हणाल्या, “कुणी हाक नाही मारली?”

फोनला तिथे नीट रेंज नव्हती. तिसऱ्या दिवशी टेकाडावर मुलाचा एक निरोप पोचला: कुकरची रिंग कुठे आहे? सूनबाईने वाचला, फोन बंद केला आणि पिशवीत टाकला. परतलो तेव्हा पोरं धडधाकट होती आणि रिंग कुकरलाच होती.

आता आपल्याबद्दल. भंडारदऱ्याला आपण जाऊ शकतो. काजव्यांच्या दिवसांत नको, तेव्हा दारू पिऊन येणाऱ्यांची गर्दी असते; दिवाळीनंतर जाऊ. मुलं नाहीत, ठराव नाहीत, अहवाल लिहायचा नाही. जागा ठरवण्याआधी दोघींनी जाऊन संडास बघून यायचे, दिवा आणि कडी दोन्ही. पैसे महिन्याला शंभर रुपये, ज्यांना जमत नाही त्यांचे बाकीच्यांनी मिळून. मोलकरीण संघटनेतल्या मैत्रिणींचा दिवसाचा पगार बुडतो, तो कसा भरून काढायचा हे आधी ठरलं पाहिजे, नाही तर ही सहल फक्त पगारी रजावाल्यांची होईल. त्यावर मला उत्तर सुचलेलं नाही, तुम्ही बोला. वही दाराशी ठेवली आहे.