घोड्याच्या सान्निध्यात मनाचा उपचार
(शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



घोडा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे सारंगखेड्याचा घोडेबाजार येतो, लग्नाची वरात येते किंवा माथेरानची तांबडी वाट येते. परंतु हाच प्राणी मनाने खचलेल्या, अन्न टाकलेल्या मुलामुलींच्या उपचारांत सहभागी होतो, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांना नवी वाटेल.

याची सुरुवात शरीराच्या व्याधीपासून झाली. डेन्मार्कमधील लिझ हार्टेल यांना १९४४ मध्ये पोलिओ झाला व गुडघ्यांखालील पाय लुळे पडले. त्यांना घोड्यावर चढवावे आणि उतरवावे लागे. तरीही १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये अश्वारोहणात त्यांनी रौप्यपदक पटकावले. पुढे अपंगांसाठी अश्वारोहणाच्या कार्याला गती आली आणि १९६९ मध्ये ब्रिटनमध्ये व उत्तर अमेरिकेत अशा राष्ट्रीय पातळीवरील संस्था उभ्या राहिल्या. शरीराकडून मनाकडे वळण्यास आणखी काही काळ गेला. १९९९ मध्ये अमेरिकेच्या यूटा राज्यात स्थापन झालेल्या ‘ईगाला’ या संस्थेने जी पद्धती रूढ केली, तिच्यात घोड्यावर कोणी बसतच नाही. सारे काम जमिनीवर उभे राहून चालते. आणि मानसोपचाराचा तज्ज्ञ व घोड्यांचा जाणकार असे दोघेही तेथे हजर असावेच लागतात.

अन्नाविषयीच्या विकारांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. लंडनचे वैद्य विल्यम गल यांनी १८७३ मध्ये त्यांतील एका विकाराला ‘ॲनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव दिले. म्हणजे हे आजकालचे शहरी थेर नव्हे. रुग्ण, बहुधा किशोरवयीन मुलगी, हाडांचा सापळा झाली तरी स्वतःला लठ्ठच समजते. मानसिक आजारांपैकी ज्यांत मृत्यूचे प्रमाण सर्वांत अधिक आढळते, त्यांत याची गणना होते. ॲरिझोना राज्यातील विकेनबर्ग या गावी १९९० मध्ये सुरू झालेल्या रेमुडा रँच या संस्थेने अशा मुली व स्त्रिया यांच्या निवासी उपचारांत घोड्यांना स्थान दिले. ‘रेमुडा’ म्हणजे गुराख्यांच्या वापरातील घोड्यांचा कळप. संस्थेने नावच तसे घेतले.

घोडाच का, असा प्रश्न येथे कोणीही विचारील. घोडा हा मुळात भक्ष्य होणारा प्राणी. जवळ येणाऱ्याच्या अंगातील ताण, श्वासाची गती, पावलांतील घाई तो चटकन ओळखतो. कान मागे पाडतो किंवा बाजूला सरकतो. वरून शांत आणि आतून भेदरलेली मुलगी घरच्यांना फसवू शकते, घोड्याला फसवणे कठीण. परंतु तो तिला नावे ठेवीत नाही. ती सावकाश, खांद्याच्या बाजूने गेली, हात स्थिर ठेवला, तर चारपाचशे किलो वजनाचा तो जीव तिच्याबरोबर चालू लागतो. आपल्या दुबळ्या वाटणाऱ्या देहाचा कोणावर तरी असा परिणाम होतो, हा अनुभव तिच्या दृष्टीने मोठा असतो.

पुढची पायरी चंदीची. मुलगी खरारा करते, घोड्याचा चारा-दाणा मोजते. घोड्याचे पोट आकाराने लहान असल्याने तो मोकळ्या कुरणात दिवसाचा बहुतेक वेळ थोडेथोडे चरत असतो, आणि त्याची त्याला लाज वाटत नाही. या घोडीची चंदी आज बंद करावी काय, असे उपचारक तिला विचारू शकतो. मुलगी ‘नाही’ म्हणते. का नाही, याचे उत्तर देताना ती प्रथमच स्वतःच्या भुकेविषयी आडवळणाने का होईना, बोलू लागते. घोडीचा भरदार देह कुरूप आहे काय, हाही प्रश्न मग ओघाने येतो. माझ्या मते या उपचाराचे खरे मर्म या संवादात आहे. घोडा त्याचे निमित्त होतो.

म्हणूनच येथे सावधगिरी हवी. उपासमारीने हाडे ठिसूळ होतात, हृदयाची गती मंदावते. अशा मुलीला घोड्यावर बसविणे धोक्याचे. वजन घटविण्यासाठी व्यायामाचा ध्यास घेतलेली मुलगी तर रपेटीचाही तसाच उपयोग करील. वैद्यकीय तपासणी व आहाराची व्यवस्था प्रथम, तबेला नंतर. पुराव्याचे म्हणाल तर २०१४ मध्ये ‘जर्नल ऑफ क्लिनिकल सायकॉलॉजी’ या नियतकालिकात उपलब्ध संशोधनाचा आढावा प्रसिद्ध झाला; मानसिक विकारांवर घोड्यांच्या साहाय्याने केलेले उपचार गुणकारी ठरतात असे म्हणण्यास भक्कम आधार नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. तेव्हा घोडा हा मुख्य उपचाराच्या जोडीला असू शकतो, त्याच्या जागी नव्हे. आपल्या गावी कोणी असे केंद्र काढू म्हणाला, तर मानसोपचाराचा शिक्षित तज्ज्ञ कोण आहे, हे पंचायतीने आधी विचारावे. नुसती रपेट करविणे म्हणजे उपचार नव्हे. जत्रेत दिवसभर राबलेले थकलेले जनावरही या कामाला चालणार नाही.

घोडा नसला तरी शिक्षकांना पुष्कळ काही करता येण्यासारखे आहे. एखादी मुलगी डबा परत नेते, जेवल्यावर लगेच एकटी बाजूला जाते, झपाट्याने वाळते, थंडीने कुडकुडते. या गोष्टी नखऱ्यात किंवा उपासतापासात जमा करू नयेत. चारचौघांत तिच्या देहावर बोलू नये. आणि बळजबरीने एकदम भरपूर खाऊ घालू नये. दीर्घ उपासानंतर असे केल्यास रक्तातील क्षारांचा तोल बिघडून जिवावर बेतू शकते. मुलीला प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांकडे न्यावे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार शासकीय सेवेतून मानसिक उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा सुरू झाली आहे. तिचा क्रमांक १४४१६ आहे. तो शाळेच्या सूचनाफलकावर लावण्यास कोणाच्या मंजुरीची वाट पाहण्याचे कारण नाही.