थंडीच्या पहाटे इंजिनाचे तेल



डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे निफाडच्या बाजूला पारा कधी कधी पाच अंशांच्याही खाली जातो. द्राक्षबागेतला फवारणीचा ट्रॅक्टर, उसाच्या फडावरचा ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, विहिरीवरचे डिझेल इंजिन, ही सगळी यंत्रे रात्रभर दंवात उभी असतात. माणूस घोंगडी बाजूला सारून येतो, चावी फिरवतो. इंजिन दोन-तीनदा कण्हते, धूर सोडते आणि सुरू होते. मग आपण काय करतो? लगेच थ्रॉटल ओढून मोठी रेस देतो आणि म्हणतो, "जरा गरम होऊ दे." ह्या रेस देण्याबद्दलच आज मला बोलायचे आहे. त्या घडीला इंजिनाच्या पोटात, विशेषतः ऑइल फिल्टरमध्ये, काय चाललेले असते ते एकदा समजले की हात आपोआप आवरतो.

इंजिनाच्या तळाला जे पसरट भांडे असते त्याला आपले मिस्त्री लोक चेंबर म्हणतात. रात्री सगळे तेल त्यात उतरून बसते. इंजिन फिरू लागले की पंप हे तेल जाळीतून वर ओढतो, फिल्टरमधून ढकलतो आणि तिथून ते बारीक वाटांनी क्रँकच्या बेअरिंगांकडे जाते. क्रँक आणि बेअरिंग ह्यांच्यामधली फट बहुधा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी असते. त्या फटीत तेलाचा पापुद्रा असतो. क्रँक फिरतो तो बेअरिंगच्या धातूवर टेकून नव्हे, ह्या पापुद्र्यावर तरंगत. पापुद्रा तुटला की धातूला धातू घासला, आणि मग बेअरिंग बदला, क्रँक घासून घ्या, अर्ध्या इंजिनाचे काम काढा! तेही ऐन हंगामात, जेव्हा मिस्त्रीला जेवायला सवड नसते.

फिल्टरच्या डब्यात घड्या घातलेला खास कागद असतो. तेल बाहेरच्या अंगाने आत शिरते, कागदातून गाळले जाते आणि मधल्या भोकातून बाहेर पडते. माणसाच्या केसाच्या साधारण निम्म्या जाडीचे कणही हा कागद बऱ्याच अंशी अडवतो. धातूचा कीस, धूळ, काजळीच्या गुठळ्या, सगळे तिथे थांबते. तेल गरम असताना हे काम सुरळीत चालते. पण तेल गार असले म्हणजे?

ज्यांनी गुऱ्हाळ पाहिले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. गरम काकवी फडक्यातून झरझर उतरते. तीच काकवी दुसऱ्या दिवशी सकाळी ओतून पाहा, फडक्यावर नुसती बसून राहते. इंजिनाच्या तेलाचेही तसेच. आज ट्रॅक्टरमध्ये सर्रास वापरतात ते १५ डब्ल्यू-४० जातीचे तेल घेतले, तर चांगल्या तापलेल्या इंजिनात, म्हणजे १०० अंशांच्या आसपास, ते जितके पातळ असते, त्याच्या सुमारे ४० पट ते १० अंशांवर घट्ट असते. पाच अंशांवर तर साठ पटींच्या घरात जाते. कागद तोच, छिद्रे तीच, आणि पंप मात्र मागून रेटतोच आहे. अशा वेळी तेल बेअरिंगपर्यंत पोचायचे कसे?

ह्यासाठी कारागिरांनी एक तोड काढली आहे. फिल्टरमध्ये, किंवा फिल्टर जिथे बसतो त्या इंजिनाच्या बैठकीत, एक स्प्रिंगची झडप ठेवलेली असते. तिला बायपास झडप म्हणतात. कागदाच्या बाहेरच्या आणि आतल्या बाजूंच्या दाबांत ठराविक फरक पडला की ही झडप उघडते. बनावटीप्रमाणे हा फरक अर्ध्या किलोपासून दोन-अडीच किलोपर्यंत असतो. झडप उघडली की काही तेल कागदातून जाते आणि उरलेले गाळल्यावाचून झडपेतून थेट बेअरिंगांकडे जाते. तेल तापून पातळ झाले, फरक कमी झाला, की स्प्रिंग झडप मिटवते.

म्हणजे गार इंजिनात न गाळलेले तेल फिरते, आणि ते मुद्दाम फिरू दिलेले असते. हे ऐकून पुष्कळांना फसवल्यासारखे वाटते. "मग फिल्टरला पैसे कशाला मोजायचे?" असे विचारणारे भेटतात. पण हिशेब सरळ आहे. मळक्या तेलाने बेअरिंग झिजायला बराच काळ लागतो, तेलावाचून ते काही मिनिटांत जाते. तहानेने जीव चाललेल्या माणसाला पाणी गाळून देईपर्यंत थांबा म्हणत नाहीत, तसेच हे. माझ्या मते ह्या झडपेइतका व्यवहारी विचार इंजिनात दुसरीकडे क्वचितच सापडेल.

ही अडचण जुनी आहे. अमेरिकेत १९२३ साली ग्रीनहाल्श आणि स्वीटलँड ह्या दोघांनी मोटारीच्या तेलाच्या फिल्टरच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्या काळच्या पद्धतीत सगळे तेल फिल्टरमधून जात नसे. थोडे तेल बाजूला काढून गाळत आणि परत चेंबरमध्ये सोडत. गाळणी तुंबली तरी बेअरिंग उपाशी राहू नये, एवढाच त्यात हेतू. पुढे सगळे तेल गाळण्याची पद्धत रुळली ती ह्या झडपेच्या भरवशावर. आपल्याकडे विहिरीवर बसवलेली मिनिटाला ६५० फेऱ्यांची लिस्टर धर्तीची जुनी इंजिने पुष्कळांना आठवत असतील. त्यांत क्रँकबरोबर फिरणारा चमचा तेल उडवी आणि त्यावरच काम भागे. ती संथ जनावरे होती. आजच्या जलद इंजिनाला तसे चालत नाही.

आता रेस देण्याकडे येऊ. पंप इंजिनावरच फिरतो. फेऱ्या दुप्पट केल्या की तो जवळपास दुप्पट तेल ढकलतो. घट्ट तेल दुप्पट ढकलले की कागदावरचा ताणही दुप्पट. जी झडप हळू चालवताना थोडीच उघडली असती, ती आता सताड उघडते, आणि ज्या तेलाला गाळून जाता आले असते तेही न गाळताच पुढे जाते. शिवाय ज्या फिल्टरांत झडप डब्याच्या बंद टोकाला असते, तिथे हे वेगाने जाणारे तेल कागदावर साचलेल्या मळाशेजारून जाते आणि त्यातला थोडा बरोबर नेते. रात्रभर निथळलेल्या बेअरिंगांवर सकाळचा पहिला घास तो असा!

तेव्हा इंजिन सुरू झाले की दोन-तीन मिनिटे ते कमी फेऱ्यांवर चालू द्यावे. नंतर हलक्या कामाला जुंपावे आणि दहा-पंधरा मिनिटांनी पुरा भार द्यावा. जागेवर अर्धा-अर्धा तास नुसते चालवत ठेवणे हेही बरे नाही. तसे इंजिन नीट तापत नाही, डिझेल जाते आणि तेलात पाण्याचा अंश साचतो. पाण्याच्या तपमानाचा काटा मधोमध आला म्हणजे तेलही तापले असे समजू नये. तेल पाण्याच्या मागून तापते.

काट्यावरून आठवले. गार इंजिनात तेलाच्या दाबाचा काटा खूप वर चढतो आणि चालक खूश होतो. पण काटा दाखवतो तो अडथळा. तेल पुढे सरकायला कुरकुरते म्हणून दाब वाढतो. बेअरिंगला किती तेल मिळाले ते त्यावरून कळत नाही. उलट दाबाचा तांबडा दिवा असेल तर त्याचे मात्र ऐकावे. सुरू केल्यावर तो काही क्षणांत विझला पाहिजे. दहा सेकंदांत विझला नाही तर इंजिन बंद करा आणि पट्टी काढून तेल पाहा.

रोज सकाळी दिवा विझायला उशीर होत असेल, सुरू होताना दोन-चार सेकंद खडखड होत असेल, तर फिल्टरमधल्या रबराच्या पडद्याचा संशय घ्यावा. इंजिन बंद असताना फिल्टरमधले तेल चेंबरात उतरू नये म्हणून हा पडदा असतो. फिल्टर आडवा किंवा तोंड खाली करून बसवलेला असेल तर ह्या पडद्यावर फार भिस्त असते. साध्या रबराचा पडदा उष्णतेने आणि वयाने कडक होतो. मग रात्रीत फिल्टर रिकामा होतो आणि सकाळी पंपाला आधी तो भरावा लागतो.

आता तुंबलेल्या फिल्टरबद्दल. निम्मी छिद्रे बुजली की तेल घट्ट झाल्यासारखाच परिणाम होतो. थंडीत दोन्ही एकत्र येतात. आणि गंमत अशी, की फिल्टर पुरा तुंबला तरी इंजिन बंद पडत नाही, झडप त्याला चालते ठेवते. त्यामुळे मालकाला पत्ताच लागत नाही. "तेल बदललं, फिल्टर पुढच्या खेपेला बघू," असे म्हणणाऱ्याच्या ट्रॅक्टरमध्ये ती झडप कदाचित दुपारच्या उन्हातही उघडीच असते. पुस्तिकेत जितके तास लिहिले असतील, तितक्या तासांना तेल आणि फिल्टर दोन्ही बदलावेत. तेल काळे दिसते म्हणून मात्र फिल्टरला दोष देऊ नये. डिझेल इंजिनाचे तेल लवकर काळे होतेच. ती काजळी इतकी बारीक असते की कागदातून सहज पार होते.

फिल्टर घेताना आटे जुळले एवढ्यावर जाऊ नका. काही इंजिनांत झडप बैठकीत असते, काहींत फिल्टरमध्ये. जिथे ती फिल्टरमध्ये हवी तिथे बिनझडपेचा डबा बसवला, तर थंड पहाटे घट्ट तेलाच्या रेट्याने आतला कागद चेपतो किंवा फाटतो. आपल्या इंजिनासाठी सांगितलेल्या नंबराचाच फिल्टर मागावा. बसवताना जुने रबरी कडे बैठकीला चिकटून राहिले नाही ना, हे बोट फिरवून पाहावे. दोन कडी एकावर एक बसली की पहिल्या थंड सकाळी, दाब चढताच, ती निसटतात आणि चेंबर रिकामा होतो. नव्या कड्याला तेलाचे बोट लावावे, कडे टेकल्यावर हाताने सुमारे पाऊण फेरी आवळावे. पान्याने आवळू नये. फिल्टर उभा, तोंड वर करून भरता येत असेल तर आधी स्वच्छ तेल भरावे, पण ते कडेच्या बारीक भोकांतून. मधल्या भोकातून ओतलेले तेल न गाळता बेअरिंगकडे जाते.

तेलाची जातही पाहिली पाहिजे. नुसते ४० नंबरचे तेल १० अंशांवर १५ डब्ल्यू-४० च्या जवळजवळ दुप्पट घट्ट असते. त्या 'डब्ल्यू'चा अर्थ विंटर, म्हणजे हिवाळा. कोकणात कदाचित फरक जाणवणार नाही, नाशिक किंवा नागपूरकडे जाणवेल. तेल पातळ करण्यासाठी चेंबरखाली शेकोटी पेटवणारे बहाद्दरही आहेत. डिझेलच्या नळ्यांखाली विस्तव ठेवू नये, एवढेच त्यांना हात जोडून सांगणे.

शिक्षक मित्रांसाठी एक सोपा प्रयोग सांगतो. इंजिनाचे नवे तेल दोन बाटल्यांत सारखे घ्या. एक बाटली अर्धा तास बर्फाच्या पाण्यात ठेवा, दुसरी कढत पाण्यात. विस्तवावर तेल तापवू नका. दोघांचे तपमान मोजून घ्या. मग दोन सारख्या नरसाळ्यांत सारखे फडके बसवा आणि एक-एक वाटी तेल ओतून गळायला किती सेकंद लागतात ते मुलांना मोजू द्या. तिसऱ्या खेपेला गार तेलासाठी फडके दुहेरी करा, तो झाला तुंबलेला फिल्टर. शेवटी गार तेल जरा घाईने ओता. ते फडक्याच्या काठावरून न गाळताच खाली उतरेल. तो काठ म्हणजेच आपली बायपास झडप, आणि ती घाई म्हणजे पहाटेची रेस. प्रयोग झाल्यावर तेल डब्यात भरून ठेवावे, मोरीत ओतू नये.